हंगामाचा नावाडी

राष्ट्रीय उद्यानात काम करणारी सर्वच माणसे बारमाही चाकरीत नसतात. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचा गाभा पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो, आणि तेवढे महिने तेथील वाटाड्यांना दुसरे काम पाहावे लागते. असेच हंगामी काम आमच्या इंदापूर तालुक्यातही आहे; मात्र येथे अरण्याच्या जागी पाणी आहे.

लोणी देवकरहून पुण्याच्या रस्त्याला लागले, की पळसदेव मागे टाकून भिगवण येते. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि या भागातील कित्येक गावांची जमीन पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिरही बुडाले. जेथे नांगर चालत होता, तेथे जाळी पडू लागली. पुढे हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यास शहरांतून माणसे येऊ लागली, आणि कुंभारगाव, डिकसळ येथील मच्छीमार तरुणांना काही महिन्यांचा नवा व्यवसाय मिळाला.

होडी चालविणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. तरीही पहिला हंगाम कठीणच जातो. मासे धरणाऱ्याची दृष्टी पाण्यात असते. वाटाड्याला ती आकाशाकडे आणि चिखलाकडे वळवावी लागते. तांबडे फुटण्यापूर्वी होडी काठाशी सज्ज हवी. सकाळचे ऊन पाहुण्यांच्या पाठीवर येईल अशा बेताने पूर्वेकडून जावे लागते, नाहीतर गुलाबी पक्षीही काळे दिसतात. पाणी उतरत असते, म्हणून कालची वाट आज होडी गाळात रुतवते. चित्रबलाक, पट्टकादंब ही नावे आरंभी जिभेवर बसत नाहीत. (पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो, हे सांगताच पाहुणे थक्क होतात, ही गोष्ट वेगळी!)

परंतु खरी विद्या निराळीच आहे. मुलांनो, रोहित कसा जेवतो ते पाहा. डोके उलटे करून तो चोच पाण्यात घालतो, जिभेने पाणी आत ओढतो व बाहेर ढकलतो. चोचीच्या कडांवरील बारीक जाळीत शैवाल आणि लहान जलजीव अडकतात. त्यांतील रंगद्रव्यांमुळेच त्याला गुलाबी छटा येते. असे कणाकणाने पोट भरायचे, तर निवांतपणा हवा. शिवाय उडण्यापूर्वी त्याला पाण्यावर काही पावले धावावे लागते. होडीला भिऊन थवा उठला, की खाणे थांबते आणि शक्ती व्यर्थ जाते.

म्हणून जाणता नावाडी पक्ष्यांच्या माना पाहतो. खाली असलेल्या माना एकामागून एक ताठ झाल्या, की यंत्र बंद, वल्हे स्थिर. "अहो, अजून थोडी पुढे घ्या ना," असे पाहुणे म्हणतात. कोणी जादा पैसेही पुढे करतो. जाळ्याची मिळकत बेभरवशाची, हंगाम थोडक्या दिवसांचा आणि समोर नोट! माझा एक माजी विद्यार्थी पहिल्या वर्षी या मोहात पडला. थवा उठला, छायाचित्रे उत्तम आली. पण मागून येणाऱ्या दोन होड्यांना रिकामा गाळ दिसला. संध्याकाळी चुलत्यांनी त्याला एवढेच विचारले, "त्यांचे पैसे आता कोण परत देणार रे?"

हंगाम कधी सुरू व्हावा, हे मात्र नावाड्याच्या हाती नसते. धरणातील पाणी शेतीसाठी व पिण्यासाठी सोडले जाते. ते उतरून काठचा गाळ उथळ झाला, तरच रोहित उतरतात. धरण तुडुंब असलेल्या वर्षी ते उशिरा येतात, आणि नावाडी काठावर बसून पाण्याची रेघ न्याहाळीत राहतो. उन्हाळा सरता सरता थवे निघून जातात. पाणी फारच ओसरले, तर पळसनाथाचे शिखर वर येते. तोवर होडीवाल्याने आपली फाटकी जाळी पुन्हा बाहेर काढलेली असतात.