नववीतली माणसं

मराठी कथा-कादंबरीत पौगंडावस्थेतलं पात्र फसतं ते बहुधा एकाच कारणानं. त्या वयात जे नुसतं भोगलं जातं, ते लेखक त्याला समजावून सांगायला लावतो. नवोदितांची हस्तलिखितं वाचताना पंधरा वर्षांच्या पोराला पानापानाला ‘जाणीव होते’, तो ‘अंतर्मुख’ होतो आणि माझं लक्ष उडतं. त्या वयात भावना आधी येते, तिचं नाव पुष्कळ उशिरा कळतं. मधल्या काळात ती भलत्याच जागी फुटते. बापावरचा राग बैलावर निघतो, मुलीबद्दलची ओढ मित्राशी मारामारी करते. पात्र उभं करायचं तर आधी ही भलती जागा शोधावी लागते.

मानसशास्त्रानंही या वयाकडे तसं उशिराच पाहिलं. स्टॅन्ली हॉलचा जाडजूड ग्रंथ १९०४चा. त्यानं हे वय वादळाचं ठरवून टाकलं. १९२८ साली मार्गारेट मीडनं सामोआतल्या मुलींबद्दल लिहिलं, की तिथं हे वय बऱ्यापैकी शांतपणे ओलांडलं जातं. म्हणजे वादळ अंगात कमी, समाजात जास्त. तिच्या निष्कर्षांवर पुढं कडाक्याचं भांडण झालं, ते सोडा. कथालेखकाला खरा उपयोगी पडतो तो डेव्हिड एल्काइंड. १९६७ मध्ये त्यानं मांडलं, की या वयातल्या पोराला सतत एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग दिसत असतो. सगळे आपल्याकडेच बघतायत, आणि आपल्याला जे होतंय ते जगात कुणालाच कधी झालेलं नाही, असं त्याला वाटतं. मेंदूचे अभ्यासक याला जोड देतात. भावनांना उसळी देणारी यंत्रणा लवकर जागी होते, आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. मित्र बघत असले, की धाडस आणखी वाढतं.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) हेच सगळं एकाही सिद्धांताशिवाय आहे. आणीबाणीच्या काळातला नववीतला जोशी मित्रांच्या टोळक्यात एका भाषेत बोलतो आणि आवडणाऱ्या मुलीचा, शिरोडकरचा, विचार एकट्यानं करताना दुसऱ्याच. त्या दोन आवाजांतलं अंतर हेच त्याचं पौगंड. प्रकाश नारायण संतांचा लंपन वयानं आणखी लहान, बेळगावकडचा. त्याच्या आत काहीतरी विचित्र होतं आणि संत ते तसंच ठेवतात, उलगडून सांगत नाहीत. एवढा संयम मराठीत फार थोड्यांना जमला. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर वयानं मोठा. पण धाकटी बहीण मनी जाते तेव्हा त्याचं दुःख दुःखासारखं बोलतच नाही. तिथं भाषाच मोडते. विशीतला माणूस त्या घटकेला पुन्हा पोर होतो.

आमच्या औंढा नागनाथ तालुक्याला तर ही गोष्ट सातशे वर्षांच्या परंपरेतून ठाऊक आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून बघतात. बाकीचे गप्प बसतात, नामदेव चिडतात, आणि मडकं कच्चं ठरतं. मग विठ्ठलाकडे तक्रार, आणि तिथून औंढ्याला विसोबा खेचरांकडे. कथेतल्या नामदेवांचं वय काही असो, चारचौघांत कच्चं ठरण्याची ती आग पंधराव्या वर्षाचीच आहे. कथा रचणाऱ्यानं ‘नामदेवांना अपमान वाटला’ एवढ्यावर भागवलं नाही, त्यांना चालायला लावलं.

सिद्धांत अपुरा पडतो तो नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटापाशी. काळ्या चिमणीच्या राखेनं आवडती शालू वश होईल हा त्यातल्या जब्याचा विश्वास एल्काइंडच्या चौकटीत चपखल बसतो. पण घरच्यांबरोबर डुकरं धरताना तो लपतो, तेव्हा बघणारे काल्पनिक नसतात. शाळेतली पोरं खरोखरच कडेला उभी राहून हसत असतात. जातीनं त्याच्याभोवती प्रेक्षक आधीच बसवून ठेवलेत. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय पोराची लाज आणि जब्याची लाज एकाच मापानं मोजणारा लेखक नुसतं भाषांतर करत असतो.

आता आमच्याच तालुक्यातल्या सिद्धेश्वरचं पोर घ्या. गाव पूर्णेवरच्या धरणाचं. वरच्या येलदरीतून सुटलेलं पाणी इथं अडतं आणि कालव्यांनी वसमतकडे जातं. त्या पट्ट्यात हळद. हळद शिजवायचे, वाळवायचे दिवस आणि वार्षिक परीक्षेचे दिवस जवळपास एकच. नववीतल्या पोराची बोटं पिवळी. वर्गात तो हात बाकाखाली ठेवतो, कुणी विचारलं तर अंगावर धावून जातो. बापाशी त्याचं भांडण शाळेवरून नाहीच, म्हणे मोबाइलवरून. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) बाप पोराला शाळेतून काढून रानात घालतो, तिथं संघर्ष समोरासमोरचा होता. आज तो असा आडून येतो, आणि म्हणून लिहायला जास्त अवघड आहे.

त्याच्या बाकामागं बसणाऱ्या मुलीचं काय? एरिक एरिक्सन म्हणतो, ‘मी कोण’ हे शोधायला समाज पोरांना थोडी मुदत देतो. इथं ती मुदतच नसते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघाल्या, परभणी जिल्ह्यात ४८. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, आणि त्याचा आकडाही राज्याच्या सरासरीहून बराच वर आहे. मराठवाड्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे टोळ्या निघतात, त्यांची मोजणी नवरा-बायकोच्या जोडीनं होते. एक जोडी म्हणजे एक कोयता. पोरीच्या लग्नाला तेही एक कारण.

या मुलीचं पौगंड मराठीत जवळजवळ नाही. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’सारखी आत्मकथनं आहेत, ‘सैराट’ची आर्ची आहे. पण शिरोडकर आपल्याला दिसते ती जोशीच्या नजरेतून, शालू जब्याच्या. दोघींच्या मनात काय चाललंय याची त्या पोरांना गरज पडत नाही, आणि निवेदन त्यांचं असल्यामुळं आपल्यालाही कळत नाही. सिद्धेश्वरच्या मुलीची गोष्ट लिहिणाऱ्याला ‘शाळा’चा ऐसपैस आकार चालणार नाही. नववीचं अख्खं वर्ष तिच्या हाती नसतं. स्थळ येणं, सुपारी फुटणं, दप्तर माळ्यावर जाणं, हे सगळं हळदीच्या एका हंगामात उरकतं. आणि तेवढ्यात तिनं कुणाकडं तरी वळून पाहिलेलंही असतं. दीर्घकथेचा ऐवज आहे, फार तर शंभर पानांचा.