जुन्या जीपची वायरिंग : दोष नेमका कुठे शोधावा?



आपल्या पत्रिकेतून आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. आपल्या कार्यक्षेत्रात जुन्या जीपगाड्या अजून पुष्कळ आहेत. गळीत हंगामात रात्री-अपरात्री फडावर जायचे तर त्याच कामाला येतात. इंजिन दणकट असते, पण डॅशबोर्डवरचे मीटर, आतला दिवा, वायपर, हॉर्न यांचे काही ना काही चालूच असते. हे दोष बहुतेक वेळा स्वस्तात निघतात, पण चुकीच्या जागी शोधले तर खर्च होतो आणि कधी माणसावर अन्यायही होतो. हे आम्ही अनुभवातून सांगत आहोत.

आमच्या दिमतीला असलेली जुनी डिझेल जीप एका हंगामात रात्री एक वाजता रस्त्यातच बंद पडली. टाकी कोरडी, आणि डॅशबोर्डवरचा काटा मात्र पाव टाकी दाखवत होता. मागून उसाची ट्रॉली आली, ती थोडक्यात बाजूने गेली म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी आम्ही ड्रायव्हरला नको ते विचारले. पाव टाकी डिझेल गेले कुठे? बिचारा काही बोलला नाही. मग टाकीतला फ्लोट बदलला, डिझेलचे मीटरही बदलले, तरी काटा तसाच. शेवटी एका जाणत्या वायरमनने विचारले, "साहेब, पाण्याचा काटा पण नेहमीपेक्षा वर दिसतोय का?" दिसत होता. त्याने डॅशबोर्डच्या पत्र्यापासून चासीपर्यंत एक वायर धरली आणि दोन्ही काटे खाली आले. दोष एका गंजलेल्या बोल्टाचा होता. काचपेपरने बोल्ट घासला, काम झाले. ड्रायव्हरची आम्ही चारचौघांत माफी मागितली.

वीज परत यावी लागते

पाटाचे पाणी सरीत जाते आणि तिथेच मुरते. विजेचे तसे नाही. ती बॅटरीतून निघते, फ्यूज आणि स्विचमधून दिव्यापर्यंत जाते आणि परत बॅटरीला आली तरच दिवा लागतो. जायला वायर असते, यायला मात्र गाडीचा पत्रा आणि चासी हीच वाट असते. तिलाच आपण अर्थ म्हणतो. पत्र्यावर रंग चढला, गंज आला, बोल्ट सैल झाला की ही वाट अडते. जुन्या गाडीतले कितीतरी दोष या परतीच्या वाटेवर असतात, आणि आपण शोधत बसतो जाण्याच्या वाटेवर.

आमच्या जीपमध्येही तेच झाले होते. अनेक जुन्या गाड्यांत मीटरना सारखा दाब मिळावा म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटी डबी असते. तिचा अर्थ तुटला की ती दाब कमी करीत नाही आणि सगळे काटे एकदम जास्त दाखवू लागतात. म्हणून नियम लक्षात ठेवावा. एकच काटा चुकला तर दोष त्या मीटरचा, त्याच्या वायरचा किंवा फ्लोटचा असू शकतो. दोन काटे एकाच वेळी चुकले तर दोष दोघांच्या सामाईक जागी शोधावा.

घरचा टेस्ट दिवा

महागडे यंत्र लागत नाही. १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी घ्या. एका वायरीला चिमटा लावा, दुसरीला टोकदार सळई. चिमटा स्वच्छ चासीला लावून सळई एकेका जोडाला टेकवत जावे. दिवा लागला म्हणजे तिथपर्यंत वीज पोचली. जिथे लागत नाही, त्याच्या आणि आधीच्या जोडाच्या मध्ये दोष आहे. क्रम असा ठेवावा : बॅटरी, फ्यूजची दोन्ही टोके, स्विचची दोन्ही टोके, मग दिव्याचा होल्डर. होल्डरपर्यंत वीज आली, बल्बही चांगला आहे, तरी उजेड नाही, तर दोष अर्थचा समजावा. होल्डरच्या अंगापासून स्वच्छ चासीपर्यंत एक सुटी वायर धरून पाहावी. दिवा लख्ख झाला की खात्री पटली.

मल्टीमीटर असेल तर आणखी सोपे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. दिवा चालू ठेवून होल्डरचे अंग आणि बॅटरीचे अर्थचे टोक यांच्यामध्ये मीटर धरावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवला तर अर्थ खराब आहे.

अर्थ बिघडल्याच्या खुणा ओळखू येतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. डॅशबोर्डचे दिवे लावले की काटे हलतात. इंडिकेटर एका बाजूला भराभर मारू लागला तर मात्र बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. एलईडी बल्ब बसवले तरी जुना फ्लॅशर असेच करतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

फ्यूजच्या जागी तार नको

मोटारीच्या पेटीतल्या किटकॅटमध्ये जाड तार घालायची आपल्याकडे सवयच आहे. तीच सवय गाडीत येते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली आम्ही पाहिली आहे. फ्यूज उडतो कारण कुठेतरी वायर पत्र्याला टेकली आहे. तार घातली की फ्यूज उडत नाही, वायर तापते. डॅशबोर्डमागे तापलेली वायर, खाली उसाचे पाचट, मागे डिझेलचे कॅन. पुढे काय होईल ते सांगायला नको.

हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की ॲम्पियर मिळतात. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ ॲम्पियर ओढतो, २१ वॅटचा पावणेदोन ॲम्पियर. जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये पांढरा ८ ॲम्पियरचा आणि लाल १६ चा. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. म्हणजे दोन्ही प्रकारांत लालचा अर्थ वेगळा, तेव्हा रंगावर न जाता आकडा वाचावा आणि जितक्याचा होता तितक्याचाच बसवावा.

टेकलेली जागा शोधायची युक्ती अशी. उडालेला फ्यूज काढून त्या जागी, दोन्ही टोकांमध्ये, २१ वॅटचा टेस्ट दिवा लावावा आणि त्या फ्यूजवरची सगळी उपकरणे बंद करावीत. दिवा पूर्ण उजेडाने लागला तर वायर पत्र्याला टेकली आहे. आता वायरींची जुडी एकेका ठिकाणी हळूच हलवावी. दिवा विझला ती जागा दोषाची. जिथे वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बुश गळून पडलेला असतो, आणि बिजागरीजवळ वायर घासलेली असते. उसाच्या फडात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर हमखास सापडते. नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. कुरतडलेला तुकडा कापून तितक्याच जाडीची वायर पक्की जोडावी आणि नवा बुश घालावा.

सकाळी बॅटरी उतरलेली असते तेव्हा

बॅटरी नवी आणायची घाई करू नये. किल्ली काढून, दारे लावून, बॅटरीची अर्थची तार सोडावी आणि तार व टोक यांच्यामध्ये ५ वॅटचा टेस्ट दिवा लावावा. दिवा मंद का होईना लागला तर रात्रभर वीज कुठेतरी जात आहे. मग एकेक फ्यूज काढावा. ज्याने दिवा विझेल त्या वाटेवर चोर आहे. पुष्कळदा दाराचा स्विच अडकून आतला ५ वॅटचा दिवा चालू राहिलेला असतो. तेवढा दिवासुद्धा २४ तासांत सुमारे १० ॲम्पियर-तास खातो. ६० ॲम्पियर-तासांची बॅटरी चार-पाच दिवसांत बसते ती अशी.

काही पथ्ये

वायरीला हात लावण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार आधी सोडावी आणि शेवटी लावावी, म्हणजे पाना पत्र्याला लागून ठिणगी पडणार नाही. तपासायला वीज हवी असेल तेव्हाच ती जोडावी. इंजिन चालू असताना बॅटरी कधी सोडू नये, अल्टरनेटर जळतो. नव्या, संगणकावर चालणाऱ्या गाड्यांत बल्बचा टेस्ट दिवा कुठेही टोचू नये, ते काम जाणकाराकडे द्यावे. वायर तापल्याचा वास आला तर गाडी तिथेच थांबवून बॅटरी सोडावी, घरापर्यंत नेऊ या म्हणू नये.

बॉयलर पेटण्याआधी एक दुपार यासाठी काढावी. काचपेपर, पाना, टेस्ट दिवा आणि योग्य आकड्याचे चार फ्यूज गाडीत ठेवावेत. डॅशबोर्ड, बॅटरी आणि मागचे दिवे यांचे अर्थचे बोल्ट घासून घट्ट करावेत. आणि टाकीतले डिझेल काट्यावर न सोडता महिन्यातून एकदा काठी घालून पाहावे. काटा चुकू शकतो. त्याच्या भरवशावर माणसाला बोलू नये, एवढे आम्ही शिकलो.