मैदान आखताना

मुळशीत शाळेचं मैदान दर पावसाळ्यानंतर नव्यानं करावं लागतं. ताम्हिणीकडून येणारा पाऊस बारीक मुरूम धुऊन नेतो आणि खालचे दगड उघडे पडतात. पौडच्या पश्चिमेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत दिवाळीनंतर हे काम चाललेलं पाहिलं.

दगड वेचून झाले होते. भाताची कापणी उरकून आलेले एक पालक उताराकडे बघत म्हणाले, "सर, वरच्या अंगाला चर मारा. नाहीतर पुढच्या साली हा मुरूम बी ओढ्यात." खाचरात पाणी अडवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पाणी काढून देणंही नेमकं कळतं. डोंगराच्या बाजूनं चर निघाला. मग ट्रॉलीतला मुरूम पसरला, पाणी मारलं, कडा धुमसानं चोपल्या आणि मध्ये रोलर फिरवला. पाणी जास्त झालं की मुरूम रोलरला चिकटतो, कमी पडलं की बसतच नाही.

आखणीला गणिताचे सर आणि सातवीच्या मुली. खो-खोचं मोठं मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. पहिल्या कोपऱ्यात सुतळीवर 3, 4 आणि 5 मीटरचा त्रिकोण धरून काटकोन साधला. पडताळा कर्णाचा: दोन्ही कर्ण सुमारे 31 मीटर 38 सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक वीतभर कमी आला. मुलींनी खुंटी सरकवली, पुन्हा टेप धरला. पुस्तकातला पायथागोरस इथे पायाखाली आला. मग फक्की पडली.

दोन खांबांत 24 मीटर अंतर, मधल्या पाटीवर आठ चौरस. खांबापलीकडे दीड मीटरचं मुक्त क्षेत्र, आणि दगड सगळ्यात जास्त तिथेच राहिले होते. मैदान खांबापाशी संपतं असं वेचणाऱ्याला वाटतं; पळणारी मुलगी मात्र भर वेगात तिथेच वळते. एकीनं ते ओळखलं आणि सगळ्यांना पुन्हा वाकायला लावलं. खांबाला कुठे कूस आहे का, हेही तिनंच हात फिरवून पाहिलं.

हा तालुका कुस्तीचा. 2017 ची महाराष्ट्र केसरी भूगावात रंगली होती. मुलांना तालीम तरी आहे. इथल्या मुलींना शाळेबाहेर मैदान नाही, म्हणून हे दीड मीटर मला फार मोलाचं वाटतं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्गखोली आणि स्वच्छतागृहाच्या बरोबरीनं मैदानही शाळेच्या निकषांत घातलं. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000 आणि उच्च प्राथमिकला 10,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. या शाळेत त्यातून चेंडू, दोऱ्या, रिंग आल्या. मुरूम आणि रोलर गावानं दिला. अडतं ते शिक्षकापाशी. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळायला सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर लागतो. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांनी तो कुठून आणावा?

पट शाळेपुरता न मोजता केंद्रातल्या सगळ्या शाळांचा एकत्र मोजावा आणि त्यावर एक शिक्षक द्यावा, आठवड्यातून एक दिवस एकेका शाळेला. हे अवघड नाही. रोलर आत्ताच तसा फिरतो: इथलं काम आटोपलं की तो पुढच्या वाडीच्या शाळेत जायचा होता, आणि तिथले पालक ट्रॅक्टर घेऊन आलेही होते.