दोनशे वर्षांचा उत्सव आणि दोनशे ओंडके

२६ जानेवारी म्हटले की आम्हाला संविधान आठवते. ज्या संविधानासाठी बाबासाहेबांनी रक्ताचे पाणी केले ते १९५० साली याच तारखेला लागू झाले. परंतु हीच तारीख ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिन आहे आणि तेथील मूलनिवासी त्या दिवशी शोक पाळतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १७८८ च्या २६ जानेवारीला आर्थर फिलिपने सिडनीच्या किनाऱ्यावर इंग्रजांचा झेंडा रोवला. हजारो पिढ्या नांदत असलेली भूमी इंग्रजांनी 'कोणाचीच नाही' असे ठरवून गिळंकृत केली. हा बनाव न्यायालयात मोडीत निघायला १९९२ साल उजाडले!

१९३८ साली या घटनेला दीडशे वर्षे झाली. फिलिप किनाऱ्यावर उतरला त्या प्रसंगाचे नाटक करायचे ठरले. नाटकात गोऱ्यांना पाहून पळणारे काळे हवेत. सिडनीच्या मूलनिवासींनी नकार दिला, तेव्हा दूरच्या मेनिंडी वसाहतीतून माणसे आणली, पोलिसांच्या आवारात डांबली आणि त्यांच्याकडून ती भूमिका करवून घेतली. गोऱ्यांच्या पहिल्या जहाजांतून आलेल्या कैद्यांना मात्र मिरवणुकीतून वगळले. आपले पूर्वज शिक्षा भोगायला आले होते, हे दाखवायची लाज वाटली ना! त्याच दिवशी त्याच शहरात जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन आणि विल्यम कूपर यांनी शोकदिनाची परिषद भरवली. आत फक्त मूलनिवासींना प्रवेश होता. मागणी एकच, पूर्ण नागरिकत्वाची. आमच्या महाडला तेव्हा अकरा वर्षे होत आली होती.

मग १९८८ साल आले. द्विशताब्दी! सरकारने तिजोरी उघडली. शिल्पे, प्रदर्शने, नाचगाणी, बंदरात शिडाची जहाजे. त्या २६ जानेवारीला सिडनीच्या रस्त्यावर चाळीस हजारांहून अधिक लोक निषेधाला उतरले. मूलनिवासी कलावंतांपुढे प्रश्न होता, या उत्सवाच्या वर्षात आपली कला मांडायची की नाही? अनेकांनी बहिष्कार टाकला. तो योग्यच होता असे आम्हाला वाटते. पण रामिंगिनिंगच्या कलावंतांनी जे केले तेही आम्हाला तितकेच मोलाचे वाटते.

रामिंगिनिंग हे उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधले गाव. तेथे माणूस गेल्यावर काही काळाने त्याची हाडे वाळवीने पोखरलेल्या पोकळ ओंडक्यात ठेवतात आणि ओंडक्यावर कुळाची चित्रे रंगवतात. गावच्या कलासल्लागार जॉन मंडाइनने कल्पना मांडली आणि ४३ कलावंतांनी दोनशे ओंडके रंगवले. गोऱ्यांच्या वस्तीच्या एकेका वर्षासाठी एकेक. आत हाडे नाहीत. आपली भूमी राखताना जे मारले गेले आणि ज्यांचे अंत्यविधीही झाले नाहीत, त्यांच्यासाठी हे ओंडके आहेत. विशेष म्हणजे ते घेतले कोणी, तर कॅनबेराच्या सरकारी नॅशनल गॅलरीने! म्हणजे ज्या राज्याचा वाढदिवस चालला होता, त्याच्याच पैशातून त्याच्याच राजधानीत हे स्मारक उभे राहिले. त्यावर सेनापती नाही, घोडा नाही, नावाची पाटी नाही. गोऱ्यांनी आपल्या लढायांतील सैनिकांची स्मारके शहरोशहरी उभारली. या मृतांसाठी मात्र तोवर राजधानीत चार दगडही रचले नव्हते.

त्याच वर्षी कॅनबेरात नवे संसद भवन उघडले. त्याच्या पुढच्या अंगणात मायकल नेल्सन जगमारा या मूलनिवासी चित्रकाराच्या चित्रावरून दगडाच्या हजारो तुकड्यांची नक्षी बसवलेली आहे. पाहुणे येतात, ती पाहून वाहवा करतात. संसदेत मूलनिवासींच्या जमिनीच्या हक्कांवर कायदा होऊ घातला होता, तेव्हा १९९३ साली त्याच जगमाराने तेथे येऊन हातोडा-छिन्नीने नक्षीच्या मधला एक दगड काढला. अंगण सजवायला आमची कला चालते आणि जमिनीचा हक्क मात्र नाही, हे त्याने सांगितले.

आपल्याकडेही महोत्सव होतात, पुतळे बसतात, आमच्या ढोल-लेझीमला आणि आदिवासींच्या तारप्याला मिरवणुकीत पुढे जागा मिळते. टाळ्याही मिळतात. मिरवणूक संपल्यावर नाचणाऱ्याला त्याच्या जमिनीचा सातबारा कोणी विचारत नाही.

ते दोनशे ओंडके मध्ये वाट सोडून उभे आहेत. ती वाट म्हणजे त्यांच्या भागातली ग्लाइड नदी, आणि दोन्ही काठांना ज्या कुळाची जिथे जमीन, तिथे त्या कुळाचा ओंडका.