अळमी : भाजी की आणखी काही?



श्रावणातल्या एका सोमवारी सातवीच्या वर्गात डबे उघडले आणि एका डब्यातून रोयणीच्या अळम्यांची शागोती निघाली. लगेच वाद! डबेवाली म्हणाली, "ही भाजी आहे, श्रावणात चालते." शेजारचा म्हणाला, "आमची आजी म्हणते, चव मटणासारखी लागते, म्हणून आमच्या घरी चालत नाही." प्रकरण माझ्यापर्यंत आले. श्रावणाचा निकाल मी ज्याच्या त्याच्या आजीवर सोपवला. विज्ञानाचे उत्तर मात्र देणे भाग होते: अळंबे ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1735 साली सजीवांच्या दोनच सृष्टी मानल्या, वनस्पती आणि प्राणी. अळंबे जागचे हलत नाही, म्हणून ते वनस्पतींत गेले आणि दोनशेहून अधिक वर्षे तेथेच राहिले. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी 1969 मध्ये पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. पेशीची रचना कशी, शरीर एकपेशीय की बहुपेशीय, हे त्यांनी पाहिलेच. शिवाय आणखी एक साधा प्रश्न विचारला. हा जीव जेवतो कसा?

वनस्पती हरितद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करतात. प्राणी अन्न गिळतात आणि मग पोटात पचवतात. कवकांची तऱ्हा उलटी आहे. त्यांचे धाग्यांसारखे तंतू कुजक्या पानांत, लाकडात शिरतात, बाहेरच पाचकरस सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. म्हणजे आधी पचन, मग जेवण! त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. खेकड्याच्या कवचात असते तेच. जनुकांच्या अभ्यासातूनही कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची ठरली आहेत, तेव्हा त्या आजीच्या जिभेला अगदीच नावे ठेवता येत नाहीत.

आपल्याला दिसते ती छत्री हे कवकाचे केवळ फळ; खरा पसारा जमिनीखाली. रोयण म्हणजे वाळवीचे वारूळ. वाळवी सुकी पाने आणि लाकूड खाते, पण ते तिला नीट पचत नाही. ती आपल्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे रचते आणि त्यावर हे कवक वाढवते. कवक लाकडाचा चिवट भाग फोडते आणि वाळवीला खाण्याजोगे अन्न मिळते. ही शेती माणसाच्या शेतीपेक्षा कोट्यवधी वर्षे जुनी आहे. पावसाळ्यात याच पोळ्यांतून अळंबी वर येतात. म्हणून वारूळ मोडले की अळमीही गेली. छत्री उघडण्याआधीच सगळ्या कळ्या खुडल्या तर बीजाणूही पसरत नाहीत.

सगळे सजीव अशा कप्प्यांत निमूट बसतात असे मात्र नाही. युग्लीना उजेडात अन्न तयार करते आणि अंधारात बाहेरून घेते. आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवरचे दवबिंदू हे चिमुकले रोप हरितद्रव्य असूनही किडे पकडते, कारण तिथल्या मातीत नत्र कमी. अमरवेल तर दुसऱ्याच्या अंगावरच जगते, तरी वनस्पतीच. व्हिटाकरांची मांडणीही शेवटची ठरली नाही. कार्ल वूज यांच्या संशोधनानंतर मोनेराचे दोन अगदी वेगळे गट झाले, जीवाणू आणि आर्किया.

आता पालकांसाठी थोडे. आधी पचवायचे आणि मग शोषायचे, ही रीत विषारी अळंब्यांचीही असते आणि दिसायला ती खाद्य अळंब्यांसारखीच असू शकतात. लसूण किंवा चांदीचे नाणे काळे पडते का पाहणे, किडा लागलेले अळंबे निर्धोक मानणे, या परीक्षांवर विसंबू नये. काही विषे उकळूनही जात नाहीत. काहींचा त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो. मध्ये एखादा दिवस बरे वाटते आणि आतून यकृत बिघडत असते. म्हणून मुलांनी रानातून आणलेली अळंबी जाणकाराला दाखवल्याशिवाय शिजवू नयेत. शंका आल्यास उरलेले अळंबे सोबत घेऊन त्याच वेळी इस्पितळ गाठावे.