भाजी वाफवायची पिशवी : माल ओळखून विका, माल ओळखून घ्या

मायक्रोवेव्ह ओव्हन आता तालुक्याच्या गावातही नवलाची वस्तू राहिलेला नाही. त्याच्या मागोमाग भाजी वाफवण्याच्या, एकदा वापरून टाकून द्यायच्या पिशव्याही बाजारात आल्या. चिरलेली भाजी पिशवीत घालायची, दोन चमचे पाणी टाकायचे, तोंड सैल दुमडायचे आणि तीन-चार मिनिटे ओव्हनमध्ये ठेवायची, एवढेच काम. भांडे घासायला नको आणि पाणीही फेकायला नको. भाजी पाण्यात उकळली की क जीवनसत्त्वासारखी पाण्यात विरघळणारी सत्त्वे त्या पाण्याबरोबर जातात. वाफेवर ती जास्त टिकतात.

घाटंजीत आमचा धंदा कापडाचा. भाजीच्या पिशवीशी कापडवाल्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम असे की ही पिशवी ज्या मालाची बनते तोच माल धाग्याच्या रूपाने आमच्या दुकानात येतो. शिवाय गिऱ्हाईक आमच्याकडून साडी किंवा शर्ट ज्या पन्नीत नेते, ती पन्नी पुढे स्वयंपाकघरात पोहोचते. म्हणून दोन्हींतला फरक व्यापारी बांधवांनी समजून घेतला पाहिजे.

आधी ओव्हनचे काम पाहू. १९४५ मध्ये अमेरिकेतील पर्सी स्पेन्सर या तंत्रज्ञाने रडारच्या लहरींनी अन्न तापते हे ओळखले आणि त्यातून हे यंत्र निघाले. या लहरी मुख्यतः अन्नातल्या पाण्याला तापवतात. प्लास्टिकची पिशवी त्यांनी थेट फारशी तापत नाही, ती आतल्या गरम अन्नाने आणि वाफेने तापते. साध्या भाजीची वाफ १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. तेल, तूप किंवा साखर असलेला पदार्थ मात्र त्याहून बराच जास्त तापतो. पिशवीची खरी परीक्षा तिथे होते.

आता मालाची पारख. बाजारहाटाची मऊ, पातळ पन्नी पॉलिथिनची असते. तिचा एक प्रकार १०५ ते ११५ अंशांतच वितळतो आणि त्याआधीच मऊ पडतो. शर्टावरची चमकदार, करकर वाजणारी पन्नी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. हा माल सुमारे १६० अंशांपर्यंत वितळत नाही. जास्त उष्णता सोसणाऱ्या स्वयंपाकाच्या पिशव्या नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या असतात आणि हे दोन्ही २०० अंशांच्या वर वितळतात. पॉलिस्टर म्हणजे आमच्या साडीचाच धागा. पाण्याची बाटलीही त्याच मालाची, पण उकळते पाणी ओतले की ती आक्रसते आणि साडी मात्र इस्त्री सोसते. धागा किंवा पातळ पापुद्रा ताणून आणि तापवून पक्का केलेला असतो, बाटलीच्या मालाची घडण वेगळी असते. तेव्हा मालाचे नाव एक असले म्हणून काम एक होत नाही.

शर्टाची पन्नी पॉलिप्रॉपिलीनची आहे, मग तीत भाजी वाफवायला काय हरकत, असा प्रश्न निघेल. हरकत आहे. ती पन्नी कापडासाठी बनते. तिच्यावर छपाईची शाई असते, तोंडाला चिकटपट्टीचा डिंक असतो आणि वाफ निघायला नेमकी वाट नसते. अन्नासाठीच्या मालाला वेगळी कसोटी आहे. आपल्या देशाच्या २०१८ च्या अन्न पॅकेजिंग नियमांप्रमाणे प्लास्टिकमधून अन्नात उतरणारे पदार्थ किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत राहावे लागतात. कापडाच्या पन्नीची अशी तपासणी कोणी केलेली नसते. जुने प्लास्टिक गाळून केलेली काळी पन्नी तर अन्नाजवळही नेऊ नये.

पिशवी घेताना पाकिटावर ती मायक्रोवेव्हसाठी आहे असे स्पष्ट लिहिलेले पाहावे. नुसते पेला आणि काट्याचे चिन्ह पुरेसे नाही, त्याचा अर्थ एवढाच की त्यात अन्न ठेवता येते. धाग्याचा तुकडा जाळून कापडाची पारख करायची आपली जुनी सवय आहे. पिशवीच्या बाबतीत तो उपाय उपयोगाचा नाही, छापील सूचना हाच आधार.

वापरताना तोंड घट्ट बांधू नये, वाफेला वाट ठेवावी. तार, पिन किंवा जरीचा धागा लावू नये, धातूमुळे ठिणग्या उडतात. भाजी शिजल्यावर पिशवी एक-दोन मिनिटे तशीच राहू द्यावी आणि चेहऱ्यापासून दूर धरून उघडावी, कारण वाफेचा चटका वाईट बसतो. या पिशवीत भाजी पाण्यावर वाफवावी. तेला-मसाल्याचा रस्सा किंवा गोड पदार्थ सूचनेत परवानगी असेल तरच करावा.

खरे सांगायचे तर पिशवी ही सोय आहे, गरज नव्हे. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या काचेच्या वाडग्यात गवार किंवा फुलकोबी घालून वर तशीच बशी सैल झाकली तरी तेच काम होते आणि वाडगा वर्षानुवर्षे चालतो. आपल्या कापसाच्या मुलखात बिनरंगी, धुतलेला, ओला सुती रुमालही झाकण म्हणून चालेल. मात्र तो कोरडा पडू देऊ नये आणि त्याला जर किंवा धातूचे बटण नसावे. कोरडे कापड करपते, पेटही घेऊ शकते.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, हे आपण जाणतोच. पण प्रश्न कायद्यापुरता नाही. गठ्ठ्याने स्वस्त पन्नी आणून ती 'स्वयंपाकाची पिशवी' म्हणून विकणे सोपे आहे. ती वितळून गिऱ्हाइकाच्या अन्नात गेली, तर ते गिऱ्हाईक आपल्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसेल. आपण सुती म्हणून मिश्र कापड विकत नाही, तसेच कापडाची पन्नी भाजीची म्हणून विकू नये. पन्नी देताना 'ही कापडापुरती आहे, स्वयंपाकाला नको' एवढे सांगायला पैसा लागत नाही.