मालवणच्या पाण्यात खान्देशी गिऱ्हाईक

खान्देशात पाण्याच्या तळाशी जाणारा माणूस कामासाठीच जायचा. विहिरीत पडलेली मोटर काढायला, गाळात रुतलेला फूटव्हॉल्व्ह मोकळा करायला, नाहीतर बुडालेल्याचा शोध घ्यायला. छाती भरून दम घ्यायचा आणि बुडी मारायची, साधन म्हणाल तर कमरेला बांधलेला दोर. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आल्यावर बोटी आणि लाइफ जॅकेट दिसू लागली. पण साधनं असली तरी पाणी पाणीच असतं. मे २०२४मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत शोधकार्य करताना याच तुकडीची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ज्या मुलखात पाण्याखाली जाणं म्हणजे संकट, तिथं कुणी पैसे मोजून, हौसेनं तळाशी जाईल, ही कल्पना रुजायला वेळ लागला. ती रुजली मालवणमुळे.

रस्त्यानं जळगाव ते मालवण हे अंतर सातशे किलोमीटरहून जास्त आहे. तरी मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगावमार्गे कोकण रेल्वेच्या रुळांवर जाते, त्यामुळे कोकण आम्हाला कधी परकं वाटलं नाही. दिवाळीची सुट्टी, कपाशीचे पैसे हाती आल्यावरचे दिवस, शाळांच्या परीक्षा संपल्यावरचा एप्रिल-मे या काळात जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरकडून ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरून निघतात. आधी त्या गणपतीपुळे करून परत यायच्या. साधारण पंधरा वर्षांपासून त्यांचा शेवटचा मुक्काम मालवणजवळचं तारकर्ली झाला आणि यादीत एक ओळ वाढली, 'स्कूबा डायव्हिंग'. आमच्या पोहणाऱ्यांच्या गटाबरोबर मी या काळात तिकडे जात राहिलो. तिथली दुकानं, त्यांची साधनं आणि गिऱ्हाइकाशी वागण्याची त्यांची रीत कशी बदलत गेली, हे मला जवळून पाहता आलं.

पाठीवर हवा बांधून पाण्याखाली श्वास घेण्याचं आजचं साधन १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी घडवलं. आपल्याकडे हौशी डायव्हिंग सुरू झालं ते नव्वदच्या दशकात, लक्षद्वीपमध्ये. नंतर अंदमान आलं. ही दोन्ही ठिकाणं आमच्या खिशापलीकडची. मालवणला मात्र सगळं हाताशी होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक, प्रवाळ आणि मासे आहेत. १९८७ साली इथलं २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी कडाडून विरोध केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठीचा प्रकल्प आला आणि मच्छीमारांच्याच मुलांना स्नॉर्कलिंग, स्कूबा शिकवायला सुरुवात झाली. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळानं (एमटीडीसी) तारकर्लीत डायव्हिंगची संस्था उभी केली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं या सगळ्या कामात मोठं योगदान आहे. ज्या पोरांच्या बापजाद्यांना समुद्राचा तळ जाळ्याच्या ओढीवरून कळायचा, ती पोरं आता तळाशी जाऊन पाहुण्यांना मासे दाखवू लागली. मालवणच्या स्कूबाचं खरं भांडवल हीच पोरं आहेत, असं मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

सुरुवातीच्या काळातली दुकानं म्हणजे किनाऱ्यावर एक छत्री, तिच्याखाली टेबल आणि टेबलावर प्रवाळाच्या फोटोंचा अल्बम. बोलणं दोनच गोष्टींवर व्हायचं, भाव किती आणि व्हिडिओ मिळणार का. तेव्हा व्हिडिओ सीडीवर मिळायचा. ती सीडी घेऊन घरी आल्यावर गल्लीतले सगळे टीव्हीसमोर जमत. पुढे पेन ड्राइव्ह आला, मग शूटिंग थेट मोबाइलवर येऊ लागलं. व्हिडिओचं तंत्र दर दोन-चार वर्षांनी नवं होत गेलं. श्वासाच्या साधनांचं तसं झालं नाही, आणि गिऱ्हाइकांनी तसा आग्रहही धरला नाही.

त्या दिवसांतली साधनं आठवतात. वेटसूट गुडघ्यावर फाटलेले आणि दोनच मापांचे. मास्कची कड कडक झालेली, त्यामुळे मिशीवाल्यांच्या आणि लहान चेहऱ्याच्या बायकामुलांच्या नाकात पाणी जायचंच. एका माणसाच्या तोंडातून निघालेला माउथपीस समुद्राच्या पाण्यात खळबळून पुढच्याच्या तोंडात. एका दुकानात सिलिंडर जोडण्याआधीच प्रेशर गेजचा काटा शून्याच्या वर अडकलेला होता. मी बोट दाखवलं तर उत्तर मिळालं, "काका, काय एक होवचा नाय." आणि खरंच काही झालं नाही, कारण माझ्याबरोबरचा पोरगा समुद्रात वाढलेला होता. पूर्ण वेळ त्याचा एक हात माझ्या सिलिंडरवर आणि नजर माझ्या डोळ्यांवर होती. साधनातली उणीव माणसाच्या कसबानं भरून निघत होती. पण डिसेंबरच्या गर्दीत तोच पोरगा सकाळपासून एकामागून एक माणसं खाली नेतो आणि दुपारी थकतो. त्या वेळी साधनानंच त्याला साथ द्यायला हवी.

'एवढ्याशा पाण्यात काय होणार?' हा समज आमच्याकडून जाणाऱ्यांत आजही आहे. नवख्याला फार तर बारा मीटरपर्यंत नेता येतं आणि मालवणला बहुतेक वेळा त्याहून बरंच उथळ पाणी असतं, हे खरं. पण दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. खाली सिलिंडरमधली हवा छातीत भरून घेतली आणि दम रोखून वर आलं, तर ती हवा फुफ्फुसातच फुगते. माणूसभर पाण्यातही यानं इजा होऊ शकते. म्हणून साऱ्या सूचनांमध्ये एक सूचना बाकीच्यांहून मोठी आहे, श्वास रोखू नका. आणि खान्देशी माणसाला नेमकं तेच अवघड जातं. विहिरीत पोहायला शिकलेल्याच्या अंगात दम कोंडण्याची सवय मुरलेली असते. ज्याला पोहता येत नाही तो निमूटपणे सांगितल्यासारखा श्वास घेतो. पट्टीचा पोहणारा मात्र खाली गेला की आपसूक दम धरतो. हे जाणून आमच्या पोहणाऱ्यांना बाजूला घेणारा, त्यांच्याकडून उथळ पाण्यात पाच-सात मिनिटं नुसता श्वास सोडण्याचा सराव करून घेणारा एक जण मला भेटला. भावात तो सगळ्यांत महाग होता. पुढे आमचा गट त्याच्याकडेच जात राहिला.

खुणांचंही असंच. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. आमची माणसं मजेत असली की हमखास अंगठा दाखवतात. मग गाइड त्यांना वर आणतो आणि वर आल्यावर दोघं एकमेकांवर वैतागतात. दोन मिनिटांत उरकलेल्या सूचनांचा हा परिणाम. दम्याचा त्रास, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण हे विचारणारा फॉर्म तर कितीतरी वर्षं इंग्रजीतच पुढे सरकवला जायचा. बोदवडहून आलेल्या आजोबांना त्यातलं काय कळणार? ते मुलाच्या सांगण्यावरून सही करून मोकळे. हा फॉर्म मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा आणि कुणीतरी शेजारी बसून तो वाचून दाखवावा, असं आम्ही दर खेपेला सांगत आलो. काही दुकानांनी ते मनावर घेतलं. त्या दुकानांबद्दल मला मनापासून आदर आहे.

या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त शिकवलं ते रावेरकडच्या एका केळी बागायतदारानं. आमचे आप्पा. पोहणं बेताचं, पण जन्म गेला ठिबकच्या नळ्यांत. जळगाव जिल्ह्यातला बागायतदार ठिबकच्या दुकानात गेला की काय विचारतो ते बघा. फिल्टर कोणता, जाळी कितीची, गेज फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे आहे का, पक्कं बिल देणार का, बिघडलं तर माणूस किती दिवसांत येणार. फिल्टर तुंबला की नळ्या चोक होतात आणि बाग हातची जाते, हे त्याला ठाऊक असतं. आप्पांनी मालवणच्या दुकानात भाव विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "भो, ही टाकीतली हवा तू भरतो कुठे?" मालक त्यांना मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. कॉम्प्रेसर पाहिल्यावर आप्पांचा दुसरा प्रश्न आला, "फिल्टर कधी बदलला?" मालकानं वही काढली. कॉम्प्रेसर किती तास चालला याची नोंद त्यात होती. तेल कधी बदललं, फिल्टर कधी बदलला, सगळं पेनानं लिहिलेलं.

आम्ही इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते आप्पांनी विचारलं. श्वासाची हवा भरणारा कॉम्प्रेसर टायरमध्ये हवा भरणाऱ्या यंत्रासारखा चालत नाही. त्याच्या फिल्टरमध्ये ओल आणि तेलाची वाफ शोषणारे थर असतात आणि ते ठराविक तासांनी संपतात. हवा आत घेणारी नळी जनरेटरच्या धुराजवळ ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत भरला जातो. त्याला वास नसतो. पृष्ठभागावर डोकं दुखण्यावर निभावेल, पण खाली दाबाबरोबर त्याचा घात वाढतो. भरलेली टाकी साधारण दोनशे बारच्या दाबाची असते, म्हणून तिच्या मानेवर ठोकलेली तपासणीची तारीख वाचावी. दुसरा शत्रू मीठ. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवला नाही, तर आत मिठाचे खडे धरतात, झडप अडकते, हवा फसफसत सुटत राहते. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर गोड्या पाण्याची ओढाताण असते आणि त्याच महिन्यांत गर्दीही. ज्या दुकानाबाहेर धुण्याची टाकी भरलेली आणि पाणी स्वच्छ दिसेल, तिथं निम्मा भरवसा धरायला हरकत नाही.

दुकानदारांची बाजूही मांडली पाहिजे. रेग्युलेटर, जॅकेट, गेज बहुतेक सगळं परदेशी बनावटीचं, सुटे भाग आयातीचे, जाणकार मेकॅनिक मोजके. हंगाम ऑक्टोबर ते मे, मग पावसाळ्यात सगळं बंद. त्यात २०२०चा कोविड आणि मे २०२१चं तौक्ते वादळ. शेजारचा निम्म्या भावात नेतो म्हटल्यावर नीट चालवणाऱ्याचा धीर सुटतो. आणि तो निम्मा भाव मागणारे आम्हीच असतो. चाळीस जणांची गाडी उतरवून 'माणशी किती कमी करतो?' अशी घासाघीस करताना आपण नेमकं काय कमी करायला सांगतोय, हे ट्रॅव्हल्सवाल्यानं आणि आपणही समजून घ्यायला हवं. दुकानदार मग फिल्टर उशिरा बदलतो, गाइडमागे माणसं वाढवतो, सूचनांची पंधरा मिनिटं पाचवर आणतो. दुसरं काही कमी करणं त्याच्या हातात नसतं.

२४ मे २०२२ला, पावसाळी बंदीच्या अगदी तोंडावर, स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ बुडाली. वीस पर्यटक होते, दोघे दगावले. अपघात पाण्याखाली झाला नाही, परतीच्या वाटेवर झाला. तोपर्यंत आमच्या गटात कुणीच बोटीबद्दल विचारत नव्हतं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण त्याआधी २०२१मध्येच आलं होतं आणि त्यात नोंदणी सक्तीची केली होती. अपघातानंतर मात्र कागद प्रत्यक्ष पाहण्याची सवय गिऱ्हाइकांना लागली. त्या वर्षाच्या दिवाळीत आमच्या बसमधल्या बायकांनी लाइफ जॅकेटचे बंद ओढून पाहिल्याशिवाय बोटीत पाय ठेवला नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे. सुरुवातीला त्या किनाऱ्यावर पिशव्या राखत बसायच्या. भीती पाण्याची नव्हती. कपडे बदलायला आडोसा नव्हता, अंगाला बसेल असा सूट नव्हता. ज्या दुकानांनी स्वच्छ खोली, गोड्या पाण्याचा नळ आणि छोट्या मापाचे सूट ठेवले, तिथं आमच्याकडच्या पन्नाशीतल्या मावश्यासुद्धा पाण्यात उतरल्या. कोविडनंतर माउथपीस औषधी पाण्यात बुडवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी टिकून राहिली, हीही चांगली गोष्ट. एक वाईट पद्धत मात्र जाता जात नाही. व्हिडिओत मासे गर्दीनं दिसावेत म्हणून पाव चुरून टाकायचा आणि पाहुण्याला प्रवाळावर उभं करून फोटो काढायचा. प्रवाळ जिवंत असतो, पायाखाली मरतो आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं घेतो. हे गाइडला माहीत असतं. पाहुण्यानं 'नको' म्हटलं तर तो आनंदानं थांबतो, असा माझा अनुभव आहे.

आता पुढचं वळण दिसतंय. नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका २०२५मध्ये राज्याकडे आली. निवती रॉकजवळ ती पाण्याखाली ठेवून तिचं संग्रहालय करायची योजना आहे. बुडालेल्या जहाजाभोवती पोहणं हे हात धरून नेलेल्या नवख्याचं काम नव्हे. त्यासाठी शिकलेले डायव्हर लागतील आणि त्यांना सेवा देणारी तशीच दुकानं लागतील. प्रत्येकाला चालणारं गेज हवं, दुसरा रेग्युलेटर हवा, मापाचं जॅकेट हवं.

खान्देशातून असे डायव्हर तयार व्हायला लागलेत. गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या दोन मुली आमच्याबरोबर आल्या आणि मागे राहून ओपन वॉटरचा कोर्स पुरा करून परतल्या. दोघींचं पोहणं तलावातलं, कोर्ससाठी लागणारं दोनशे मीटर अंतर त्यांनी सहज काढलं. त्यांना अठरा मीटरपर्यंत जायचा परवाना मिळाला. परतीच्या गाडीत त्यांची चर्चा एकाच गोष्टीवर चालली होती. पहिल्या पगारातून स्वतःचा मास्क घ्यायचा हे नक्की, पण रेग्युलेटर घ्यावा का, आणि घेतला तर दरवर्षी त्याची सर्व्हिसिंग करून देणारा माणूस आपल्याला सर्वांत जवळ कुठे मिळेल?